निरोप्याची नाहक बदनामी

भीती वाटल्यावर माणसाच्या शरीरात काय होते, हे सांगण्यासाठी मराठी भाषा शरीरशास्त्राच्या पुस्तकाची वाट पाहत बसली नाही. छातीत धडधडते, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, अंगावर काटा येतो, पोटात गोळा येतो, डोळे विस्फारतात. अवयवागणिक एक वाक्प्रचार काढून ठेवलेला आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास, संकेतस्थळ उघडता उघडत नसताना, या सगळ्या वाक्प्रचारांचा एकाच घरात एकाच वेळी वाक्यात उपयोग करून दाखवला जातो. विद्यार्थी मात्र आत झोपलेला असतो. भरतमुनींनी तर त्याही आधी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांची यादी करून ठेवली : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. एवढी तपशीलवार तयारी असूनही आजचा सुशिक्षित मराठी माणूस या साऱ्याचे एका शब्दात वाटोळे करतो. तो म्हणतो, ‘अ‍ॅड्रेनलिन सुटले.’ क्रिकेटचा शेवटचा चेंडू असो, घाटातले वळण असो वा वरिष्ठांचा फोन, कर्ता एकच. माझे म्हणणे असे की हे श्रेय आणि ही बदनामी दोन्ही चुकीच्या पत्त्यावर गेली आहेत. अ‍ॅड्रेनलिन आणि त्याचा भाऊ नॉरअ‍ॅड्रेनलिन हे नुसते निरोपे आहेत. घाम फोडायचा की काटा आणायचा, दार उघडायचे की लावायचे, हा निर्णय निरोप ऐकणाऱ्या कानाचा असतो. त्या कानाला शास्त्रात रिसेप्टर म्हणतात.

आधी या खात्याच्या नावाचा घोळ मिटवू. सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टिमला मराठीत अनुकंपी चेतासंस्था म्हणतात. महाराष्ट्रात ‘अनुकंपा’ हा शब्द करुणेपेक्षा सरकारी नोकरीसंदर्भात जास्त ऐकू येत असल्याने, ही चेतासंस्था वडिलांच्या जागी लागली असावी असा समज होऊ शकतो. मूळ कल्पना मात्र भाबडी आणि गोड आहे. शरीरातले अवयव एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी होतात, ही गेलेन या प्राचीन वैद्यापासून चालत आलेली समजूत मनात धरून विन्स्लो नावाच्या शरीररचनाकाराने १७३२ मध्ये पाठकण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या या मज्जातंतूंच्या साखळीला ‘सहवेदनेचा’ मज्जातंतू ठरवले. करुणेचा इथे काही संबंध नाही. छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या पट्ट्यातून याचे तंतू बाहेर पडतात. कामकाज दोन टप्प्यांत चालते. पहिला तंतू कण्याजवळच्या गाठीपर्यंत जातो आणि तिथे अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सोडतो. गंमत अशी की अ‍ॅसिटिलकोलीन हे विरोधी खात्याचे, म्हणजे जेवल्यावर सुस्ती आणणाऱ्या परानुकंपी संस्थेचे, घरचे रसायन. आणीबाणीचा हुकूम विरोधी पक्षाच्या लेटरहेडवर निघतो आणि तरीही बिनचूक पाळला जातो, कारण गाठीतला कान ती भाषा जाणतो. गाठीतून निघालेला दुसरा तंतू अवयवापर्यंत जाऊन बहुतेक ठिकाणी नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतो. म्हणजे ज्याचे नाव घेऊन आपण हाकाटी करतो ते अ‍ॅड्रेनलिन या मज्जातंतूंच्या टोकाला जवळजवळ नसतेच. ते मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून थेट रक्तात सोडले जाते, साधारण ऐंशी टक्के अ‍ॅड्रेनलिन आणि वीस टक्के नॉरअ‍ॅड्रेनलिन या हिशेबाने. दारोदार पत्र पोचवतो तो एक आणि कर्णा लावून गावभर ओरडतो तो दुसरा. नाव कर्णेवाल्याचे झाले, हे आपल्या सार्वजनिक जीवनाला धरूनच आहे.

त्या नावालाही इतिहास आहे. अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो हे ऑलिव्हर आणि शेफर या दोन इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले. अमेरिकेत राहणाऱ्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने १९०१ च्या सुमारास त्यातला शुद्ध पदार्थ जगापुढे आणला, आणि पार्क-डेव्हिस कंपनीने तो ‘अ‍ॅड्रेनलिन’ या नावाने बाजारात विकला. नाव कंपनीचे झाल्यामुळे अमेरिकेतले डॉक्टर आजही त्याच पदार्थाला एपिनेफ्रिन म्हणतात. एकाच व्यक्तीचे आधार कार्डावर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरे, असा हा प्रकार आहे. पण खरा पेच नावाचा नव्हता, वागण्याचा होता. हेन्री डेल हा तरुण शास्त्रज्ञ लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत अरगट नावाच्या बुरशीवर काम करत होता. त्याच्याकडे तपासणीसाठी अधिवृक्क अर्काचा नमुना आला. त्याने तो आधीच अरगट टोचलेल्या मांजराला दिला. रक्तदाब चढला नाही. डेलने नमुना निकामी ठरवला. पुढच्या नमुन्याचेही तेच झाले. मग त्याच्या ध्यानात आले की अर्क धडधाकट आहे आणि मांजराचे कान बंद झाले आहेत. नीट पाहिले तर अर्काने रक्तदाब चढण्याऐवजी चक्क उतरत होता. १९०६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. अरगटाने एक कान बुजवला की दुसरा कान, जो आधी गलक्यात ऐकूच येत नव्हता, उघडा पडतो आणि तो नेमका उलटे काम करतो.

यातून निष्कर्ष काय निघायला हवा होता, हे आपल्याला आज सहज कळते. पण परीक्षा संपल्यावर पेपर सोपाच वाटतो. केंब्रिजच्या लँगलीने १९०५ मध्येच पेशीवर एखादा ‘ग्रहण करणारा पदार्थ’ असला पाहिजे असे म्हटले होते. त्याचे फारसे कुणी मनावर घेतले नाही. उलट वॉल्टर कॅननसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये रोझेनब्ल्यूथबरोबर असा सिद्धांत मांडला की निरोपेच दोन प्रकारचे असावेत : चेतवणारा सिम्पॅथिन ई आणि शमवणारा सिम्पॅथिन आय. ही चूक फार मानवी आहे. घरात एकाच वाक्यावर सासू हसली आणि सून रुसली, तर वाक्यच दोन प्रकारे बोलले गेले असणार असे आपण मानतो. ऐकणाऱ्या दोघी आहेत हे उशिरा सुचते. पुढे १९४६ मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलरने दाखवले की या तंतूंतून सुटणारा निरोप्या मुख्यतः एकच आहे, नॉरअ‍ॅड्रेनलिन. आणि १९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या रेमंड अ‍ॅल्क्विस्ट यांनी, एकाच कुळातली वेगवेगळी रसायने वेगवेगळ्या अवयवांवर किती जोराने चालतात याचा क्रम लावून, दोन प्रकारचे कान असल्याचे सांगितले. त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. औषधशास्त्राच्या एका नामवंत नियतकालिकाने हा लेख साभार परत केला. तो दुसरीकडे छापून आला आणि कित्येक वर्षे धूळ खात पडला. मराठी लेखकांनी यातून काय दिलासा घ्यायचा तो घ्यावा. पुढे जेम्स ब्लॅक यांनी त्या लेखावर विश्वास ठेवून बीटा कान बुजवणारे प्रोप्रानोलॉल तयार केले आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवले. कानांची प्रत्यक्ष रचना उलगडल्याबद्दल लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता हे कान काय करतात ते पाहू. लग्नाच्या मांडवात कुणीतरी आरोळी ठोकतो, ‘वऱ्हाड आलं!’ शब्द दोनच. पण मुलीच्या बापाचे ठोके वाढतात. बँडवाले वाजवायला लागतात. मुख्य दरवाजा सताड उघडला जातो आणि मागच्या बोळातली ये-जा बंद केली जाते. कोठीवाला कुलूप काढून साखरेचे पोते बाहेर ओढतो. आधीच जेवायला बसलेल्या पाहुण्यांना वाढप्ये वाढायचे थांबतात, कारण आता पंगतीकडे बघायला कुणाला वेळ आहे? आरोळी देणाऱ्याने यातले एकही काम सांगितलेले नाही. अगदी तसेच शरीरात घडते. हृदयावरचा बीटा-१ कान निरोप ऐकून ठोके वाढवतो. श्वासनलिकांवरचा बीटा-२ कान स्नायू सैल सोडून दरवाजा उघडतो. त्वचेच्या रक्तवाहिन्यांवरचा अल्फा-१ कान बोळ बंद करतो, म्हणून हातपाय गार पडतात आणि चेहरा पांढराफटक होतो. यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते. आतड्यांची पंगत खोळंबते. पोटातला गोळा तो हाच. केसांच्या मुळाशी असलेल्या इवल्याशा स्नायूंवरचा अल्फा-१ कान केस उभे करतो. मांजराला याचा उपयोग दुप्पट मोठे दिसण्यासाठी होतो, माणसाला फक्त ‘अंगावर काटा आला’ असे समारंभात सांगण्यासाठी. भरतमुनींच्या यादीतले स्वेद, रोमांच, वेपथू आणि वैवर्ण्य हे चार भाव घेतले तर रोमांच आणि वैवर्ण्य अल्फा-१ चे, हाताचा कंप बीटा-२ चा, आणि स्वेद... स्वेदाची भानगड वेगळी आहे.

कारण इथेच चिकित्सक वाचक हरकत घेईल. तो म्हणेल, निरोप एक आणि कान अनेक ही तुमची कथा घामापाशी फुटते; घामाच्या ग्रंथींना नॉरअ‍ॅड्रेनलिन पोचतच नाही. हरकत बिनतोड आहे. घाम गाळायला लावणारे तंतू अनुकंपी खात्याचेच, पण त्यांच्या टोकाला सुटते अ‍ॅसिटिलकोलीन. डेल आणि फेल्डबर्ग यांनी १९३४ मध्ये मांजराच्या पंजाला सुटणाऱ्या घामावरून हे सिद्ध केले. (या शास्त्राने मांजरांचे किती ऋण काढले आहे याचा हिशेब कुणीतरी मांडला पाहिजे.) पगार एका खात्याचा आणि गणवेश दुसऱ्याचा, असा हा प्रतिनियुक्तीवरचा कर्मचारी. पण या अपवादाने माझी बाजू पडत नाही, उलट भक्कम होते. निरोप्याच्या अंगातच भीतीची जादू असती, तर विश्रांतीच्या खात्याचे रसायन मिळताच घामाच्या ग्रंथीने पथारी पसरली असती. तिला जो निरोप ऐकता येतो तो ऐकून ती आपले ठरलेले काम करते. याचा पुरावा दवाखान्यात रोज दिसतो. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या मधुमेही माणसाची साखर अचानक उतरली, तर धडधड आणि थरथर या धोक्याच्या घंटा दबून जातात. घाम मात्र फुटतोच, कारण त्याचा कान वेगळा. अशा रुग्णांना डॉक्टर सांगतात, घामाकडे लक्ष ठेवा.

कानांचे राज्य पाहायचे असेल तर औषधांच्या दुकानापुढे रांग लावावी. सर्दीने चोंदलेल्या नाकात टाकायचे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्यांच्या अल्फा कानात कुजबुजतात. दम्याच्या पंपातले सालब्युटामॉल बीटा-२ शी बोलते, आणि त्याच जातीचे कान हाताच्या स्नायूंतही असल्याने पंप ओढल्यावर चहाचा कप बशीवर वाजतो. प्रोप्रानोलॉल बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही बुजवते. म्हणून ते हृदयाला आराम देते आणि दमेकऱ्याच्या जिवावर उठू शकते. हात स्थिर ठेवते म्हणून नेमबाजीत त्यावर बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या नेमबाजाला त्यापायी दोन पदके परत करावी लागली. उतारवयात रात्री चार वेळा उठावे लागणाऱ्या आजोबांना मिळणारी टॅम्सुलोसिनची गोळी प्रोस्टेटच्या आसपासचे अल्फा-१ कान बुजवते आणि वाट मोकळी करते. पण त्याच घराण्याचे कान बुबुळाच्या पडद्यातही आहेत. त्यामुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत तो पडदा ऐनवेळी ढिला पडतो, आणि डोळ्याचे डॉक्टर आजोबांना आधी लघवीबद्दल विचारतात. आजोबांना वाटते डॉक्टरांनी भलताच कागद वाचला. साइड इफेक्ट म्हणून आपण ज्याच्या नावाने बोटे मोडतो तो बहुतेक वेळा औषधाचा गुन्हा नसतो. तोच कान दुसऱ्या गल्लीत राहतो, एवढेच.

आणि कान हे निर्जीव भोक नव्हे. फार आरडाओरडा झाला तर तो आत ओढला जातो. नाकाचे थेंब आठवड्यामागून आठवडे टाकले की अल्फा कान बधिर होतात, थेंब उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदते, आणि माणूस त्याच थेंबांचा गुलाम होतो. दिवसरात्र ब्रेकिंग न्यूज ऐकणाऱ्या घरात शेवटी ज्वालामुखी फुटला तरी कुणी मान वळवत नाही, तशातली गत. बोलणाऱ्या तंतूलाही स्वतःचा एक कान असतो, अल्फा-२. आपण सोडलेले नॉरअ‍ॅड्रेनलिन फार झाले हे त्यातून ऐकून तंतू गप्प बसतो. वर सांडलेला बराचसा निरोप परत गिळून पुन्हा वापरायला ठेवतो. स्वतःचे भाषण ऐकून थांबणारा आणि बोललेले शब्द मागे घेणारा वक्ता निसर्गाने एकदाच घडवला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

दुसरी हरकत अशी येईल की मग निरोप्याला काहीच महत्त्व नाही का? आहे. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅड्रेनलिन यांत फरक एका मिथिल गटाचा, म्हणजे जेमतेम एका कार्बनच्या शेपटीचा. पण तेवढ्याने अ‍ॅड्रेनलिन बीटा-२ शी मोकळेपणाने बोलते आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनला तिथे कुणी दाद देत नाही. मात्रेनेही फरक पडतो : थोडे अ‍ॅड्रेनलिन आधी बीटा-२ ऐकतात, भरपूर सोडले की अल्फांचा आवाज वर चढतो. शेंगदाणा किंवा मधमाशी बाधून जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली, तर मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन एकाच वेळी रक्तवाहिन्या आवळते, हृदयाला रेटा देते आणि श्वासनलिका उघडते. तीन कामे, इंजेक्शन एक, कारण कान तीन. निरोप्याचा सूर महत्त्वाचा आहे हे मी मान्य करतो. सुराची पारख करणारे कुणी नसते तर तो वाया गेला असता एवढे वाचकाने मान्य करावे.

या वादाचा निकाल लावणारा सर्वांत मोठा पुरावा मात्र युरोपातल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही, तो कोकणातून आला. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या सोडियमच्या दारांना खुंटा मारून ती उघडी ठेवते आणि मग अंगात निरोप्यांचा महापूर येतो. दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, भडकलेला रक्तदाब, आणि शेवटी थकलेले हृदय व पाण्याने भरलेली फुप्फुसे. शेताच्या बांधावर, गवताच्या भाऱ्यात, चपलेत दडलेल्या या विंचवाने कोकणात कित्येक धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत होती. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाटेशेजारी रात्री जागवून ही लक्षणे नोंदवली आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन नावाचे साधे, स्वस्त औषध या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. १९८६ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. प्राझोसिन विष उतरवत नाही, निरोप्यांचा पूर अडवत नाही. ते फक्त अल्फा-१ कानांत बोळे घालते. आरोळ्या चालूच राहतात, पण रक्तवाहिन्यांना त्या ऐकू येत नाहीत, आणि माणूस वाचतो. विंचूदंशाने मरणाऱ्यांचे प्रमाण यामुळे कमालीचे घटले. एकनाथांनी आपल्या विंचवाच्या भारुडात सत्त्वगुणाचा उतारा सांगितला होता. तो विंचू कामक्रोधाचा असल्याने तिथे तोच योग्य. खऱ्या विंचवाला प्राझोसिन लागले.

शेवटची हरकत फॅशनेबल आहे. हल्ली प्रत्येक व्याख्यानात सांगतात की ही यंत्रणा वाघापासून पळण्यासाठी बनली, आता वाघ राहिले नाहीत, म्हणून ती निरुपयोगी आणि घातक. लढा किंवा पळा ही कल्पना कॅननने १९१५ च्या पुस्तकातून रुजवली, आणि त्यानेच पुढे मांजरांच्या अनुकंपी साखळ्या काढून टाकून पाहिल्या. ती मांजरे प्रयोगशाळेच्या उबेत पेन्शनर लोकांसारखी स्वस्थ जगली. पण थंडीत ठेवले की त्यांची दैना व्हायची. वाघ या खात्याच्या वर्षाकाठच्या कामकाजात फार तर एक ओळ असेल. खरे काम अखंड आणि कंटाळवाणे असते. जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस उठला की अर्धा लिटरभर रक्त पायांकडे घसरते. त्याच क्षणी मानेतल्या रोहिणीवरची दाब मोजणारी ठाणी वर्दी देतात, अनुकंपी तंतू नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात, पायांच्या रक्तवाहिन्यांवरचे अल्फा-१ कान ऐकतात आणि वाहिन्या आवळतात. हे काही सेकंदांत उरकले नाही तर डोळ्यांपुढे अंधारी येते. ज्यांना ही यंत्रणा कायमची झोपवायची आहे त्यांनी पंगतीतून उठून हात धुवायला कसे जायचे ते आधी ठरवावे.

तुम्ही हा लेख बसून वाचला असेल तर आता उठायला हरकत नाही. फक्त रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल, तर दोन मिनिटे पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसा आणि मग उठा. कान बुजलेले असतात, त्यांना निरोप जरा उशिरा पोचतो.